जुन्या मेलचा गठ्ठा थंडरबर्डमधे कसा आणायचा: पीएसटी, डीबीएक्स, एमबॉक्स सगळं

जळगावच्या एमआयडीसीतली डाळमिल घ्या, दोंडाईच्याचं जिनिंग घ्या नाहीतर भुसावळमधल्या कुठल्या सीएचं ऑफिस घ्या, टेबलाखाली एक जुना सीपीयू धूळ खात पडलेला असतोच. कोणी टाकत नाही कारण "त्याच्यात मेल आहेत" आणि कोणी चालू पण करत नाही कारण चालू होईल की नाही त्याची खात्री नाही. त्या मेलमधे काय असतं तर २००४-०५ पासूनचे व्यापाऱ्यांशी झालेले सौदे, कापसाच्या गाठींचे लॅब रिपोर्ट, बँकेशी झालेला पत्रव्यवहार, कोणाच्या मुलाचे अमेरिकेहून आलेले पहिले फोटो. हे सगळं आजच्या लॅपटॉपवर, एकाच ठिकाणी, सर्च करता येईल असं आणायचं असेल तर कसं आणायचं ते सांगतो. लेख लांब आहे पण तुम्हाला सगळा लागणार नाही, तुमची फाईल कोणती ते कळलं की बाकीचे प्रकार सोडून द्या.

मेल वाचायचा प्रोग्रॅम मी थंडरबर्ड धरलाय. मोझिलावाल्यांचा आहे, फुकट आहे, पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २००४ ला आली होती आणि अजून अपडेट येतात, विंडोज लिनक्स मॅक तिन्हीवर चालतो. पण माझ्या दृष्टीने खरं कारण वेगळं आहे, तो मेल एमबॉक्स नावाच्या प्रकारात ठेवतो आणि ती साधी टेक्स्ट फाईल असते. म्हणजे उद्या थंडरबर्ड बंद पडला तरी तुमचे मेल नोटपॅडमधे उघडून वाचता येतील (अटॅचमेंट सोडून, त्या कोडमधे असतात). पीएसटी किंवा डीबीएक्सचं (आउटलुक आणि आउटलुक एक्सप्रेसच्या मेल फाईली) तसं नाही, ते त्यांच्या त्यांच्या प्रोग्रॅमशिवाय नाहीतर खास टूलशिवाय मुके.

सगळ्यात आधी: मूळ फाईलला हात लावायचा नाही

हे एक पाळलं तर बाकी काहीही चुकलं तरी परत करता येतं. जुन्या मशीनमधून, सीडीतून, जिथून मिळेल तिथून फाईल आधी दोन ठिकाणी कॉपी करा, एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकून ती डिस्क कपाटात, दुसऱ्या कॉपीवर काम. कन्व्हर्टर, रिपेअर टूल, आउटलुक, कोणालाच मूळ फाईल दाखवायची नाही, आउटलुक तर पीएसटी नुसती उघडली तरी तिच्यात लिहितो. म्हणूनच सीडीवरची पीएसटी डबल क्लिक करून उघडत नाही, तिथे लिहायला जागा नसते, ती हार्ड डिस्कवर घ्यावीच लागते. आणि घेतल्यावर प्रॉपर्टीजमधे रीड ओन्लीची टिक असेल तर काढायची.

धंद्याच्या मेलचं अजून एक आहे. जीएसटीचे हिशोब आणि कागद वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने ठेवावे लागतात, आणि कोर्टात मेल पुरावा म्हणून द्यायची वेळ आली तर आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागतं (१ जुलै २०२४ पासून, आधी जुन्या पुरावा कायद्याचं ६५ बी होतं), त्यात सर्टिफिकेटबरोबर फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईलचा बोटाच्या ठशासारखा आकडा) पण मागतात. म्हणून कपाटातल्या कॉपीची हॅश आजच काढून कागदावर लिहून ठेवा. सोपं आहे, सेव्हन झिप टाकलेलं असेल तर फाईलवर राइट क्लिक, सीआरसी एसएचए, त्यात एसएचए २५६. तो लांबलचक आकडा आला की कॉपी पेस्ट करून प्रिंट मारा. वाद चालू असलेल्या मेलचं काही असेल तर इम्पोर्ट करायच्या आधी वकिलाला विचारा, नंतर नाही.

पेनड्राइव्हचं लक्षात ठेवा. बरेच पेनड्राइव्ह फॅट ३२ मधे फॉरमॅट केलेले असतात आणि त्याच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल जातच नाही, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. विंडोज सांगतं फाईल मोठी आहे आणि लोक समजतात पेनड्राइव्ह खराब. एक्सफॅटमधे फॉरमॅट करा, काम होतं (फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं, ते आधी काढून घ्या).

जागा किती लागेल? मेल ५ जीबी असतील तर लॅपटॉपवर १५ जीबी तरी मोकळी ठेवा, कारण कॉपी, कन्व्हर्ट केलेली फाईल आणि थंडरबर्डमधली फाईल अशा तीन असतात एका वेळेला, वर सर्चचा इंडेक्स. आणि मोठा इम्पोर्ट चालू असताना लाइट जाऊ नये, डेस्कटॉपवर करत असाल तर यूपीएस पाहिजेच. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारी लाइटचा काही भरोसा नसतो, त्याच्यात पंधरा वर्षं जुनी हार्ड डिस्क तापवायची म्हणजे उगाच जोखीम, त्यामुळे हे काम रात्री नाहीतर पहाटे लावा. लॅपटॉपचं स्लीप बंद करायला विसरू नका.

तुमच्याकडे कोणती फाईल आहे ते ओळखा

फाईलच्या नावाचा शेवट बघायचा. विंडोज तो लपवून ठेवतं, एक्सप्लोररमधे व्ह्यू मेनूत फाईल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करा. तिथेच हिडन आयटम्सवर पण टिक करा, लागणार आहे.

शेवटी पीएसटी असेल तर ती मायक्रोसॉफ्ट आउटलुकची, ऑफिसबरोबर यायचं ते. एकाच फाईलमधे सगळं, मेल, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट. डीबीएक्स असेल तर आउटलुक एक्सप्रेस, एक्सपीत आयतं यायचं ते, त्यात प्रत्येक फोल्डरची वेगळी फाईल, इनबॉक्सची एक, सेंट आयटम्सची एक. ही दोन नावं सारखी असली तरी प्रोग्रॅम वेगवेगळे होते आणि फाईलींचा एकमेकांशी काही संबंध नाही, हा घोळ फार जण करतात. ईएमएल असतील तर प्रत्येक मेलची एक सुटी फाईल, विंडोज लाइव्ह मेलमधे असंच असायचं. आणि एमबॉक्स असेल तर तुमचं नशीब चांगलं, ते जवळजवळ तयारच आहे.

थंडरबर्ड बसवा, पण अकाउंट जोडायची घाई नको

त्यांच्या साइटवरून डाउनलोड करून बसवा. उघडलं की लगेच मेल आयडी आणि पासवर्ड मागतो, ते सध्या कॅन्सल करा. जुना गठ्ठा लोकल फोल्डर्समधे टाकायचाय, त्याला इंटरनेट लागत नाही आणि चालू अकाउंटची भानगड मधे नको. लोकल फोल्डर्स म्हणजे फक्त तुमच्या मशीनवर राहणारे फोल्डर, सर्व्हरवर काही जात नाही. डाव्या बाजूला ते दिसत नसेल तर अकाउंट जोडल्यावर दिसतं, मग हरकत नाही जोडा.

२०२३ पासूनच्या नव्या रूपात वरचा मेनू बार लपलेला असतो. ऑल्ट बटण दाबलं की येतो. खाली मी "टूल्समधे जा" म्हणेन तेव्हा हाच मेनू.

मग एक ॲड-ऑन (थंडरबर्डला जोडायचं जास्तीचं छोटं टूल) टाका, इम्पोर्ट एक्स्पोर्ट टूल्स एनजी. टूल्समधे ॲड-ऑन्स अँड थीम्स, तिथे सर्चमधे नाव टाकलं की मिळेल. शेवटी एनजी असलेलंच घ्या, बिना एनजीचं जुनं आहे ते नव्यात चालत नाही. याच्याशिवाय पुढचं अर्धं काम अडतं.

एमबॉक्स (जीमेलवरून आलेले मेल पण यातच)

जीमेलची १५ जीबी भरली म्हणून जुने मेल खाली उतरवायचे असतील तर गूगल टेकआउट वापरा. तिथे गेल्यावर आधी डिसिलेक्ट ऑल करा नाहीतर फोटो, यूट्यूब सगळं येईल, मग फक्त मेल निवडा. आता इथे थांबा. सरळ पुढे गेलात तर सगळे मेल एकाच राक्षसी एमबॉक्स फाईलमधे येतात, स्पॅम आणि ट्रॅश सुद्धा, आणि तुम्ही जीमेलमधे वर्षानुवर्षं लावलेली लेबलं फाईलच्या आत कुठेतरी लिहिलेली असतात पण थंडरबर्ड त्याचे फोल्डर बनवून देत नाही. त्यापेक्षा मेलच्या खाली ऑल मेल डेटा इन्क्लूडेड असं बटण असतं ते दाबून सगळ्या मेसेजवरची टिक काढा आणि लेबलं एकेक निवडा, इनबॉक्स, सेंट, जी हवी ती. मग प्रत्येक लेबलाची वेगळी फाईल येते. एका मेलला दोन लेबलं असतील तर तो दोनदा येईल, त्याचं पुढे बघू.

लिंक मेलवर येते, मोठ्या खात्याला कधी तास लागतात कधी जास्त, आणि लिंक साधारण आठवड्यात एक्सपायर होते त्यामुळे आली की डाउनलोड करून घ्या. झिप उघडून घ्यायची, झिपमधून थेट इम्पोर्ट होत नाही.

मग थंडरबर्डमधे लोकल फोल्डर्सवर राइट क्लिक, न्यू फोल्डर, नाव द्या "जुने मेल". त्या फोल्डरवर राइट क्लिक करून इम्पोर्ट एक्स्पोर्ट टूल्स, त्यात एमबॉक्स फाईल इम्पोर्टचा पर्याय, फाईल दाखवा. बस. मोठी फाईल असेल तर मधे थंडरबर्ड "नॉट रिस्पॉन्डिंग" म्हणेल, बंद करू नका, त्याचं काम चालू असतं.

ॲड-ऑन नको असेल तर हाताने पण होतं आणि कधीकधी तेच बरं पडतं. हेल्पमधे ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, तिथे प्रोफाइल फोल्डरसमोर (थंडरबर्ड तुमचे मेल आणि सेटिंग्ज ठेवतो ते फोल्डर) ओपन फोल्डर. थंडरबर्ड पूर्ण बंद करा. मग त्या फोल्डरमधे मेल, त्यात लोकल फोल्डर्स, तिथे तुमची एमबॉक्स फाईल नेऊन टाका आणि नावातला शेवटचा एमबॉक्स काढून टाका म्हणजे नाव नुसतं "इनबॉक्स २००९" असं राहील. परत उघडलं की डाव्या बाजूला फोल्डर दिसेल, पहिल्यांदा क्लिक केल्यावर तो इंडेक्स बनवतो, तेव्हा धीर धरा. तिथे एमएसएफ शेवट असलेल्या बारक्या फाईली दिसतील त्या नुसत्या इंडेक्सच्या, त्या उडाल्या तर परत बनतात. मेल खरे बिना शेवटाच्या फाईलीत. आणि एसबीडी शेवट असलेलं फोल्डर म्हणजे आतले उपफोल्डर.

पीएसटी

इथे मुख्य प्रश्न एकच, तुमच्याकडे चालणारा आउटलुक आहे का? ऑफिसबरोबर येणारा क्लासिक म्हणतोय मी, विंडोज ११ मधे फुकट येणारा नवीन आउटलुक नाही, तो इथे धरू नका.

असेल तर पीएसटीची कॉपी आउटलुकमधे उघडा, फाईल मेनूत ओपन अँड एक्स्पोर्ट, ओपन आउटलुक डेटा फाईल. डावीकडे फोल्डर आले, मेल वाचता आले म्हणजे फाईल धडधाकट आहे. मग आउटलुक बंद करून थंडरबर्डच्या टूल्समधे इम्पोर्ट, त्यात आउटलुक निवडा. आउटलुक त्याच मशीनवर बसवलेला असावा लागतो, थंडरबर्ड त्याच्याकडूनच मेल मागून घेतो. कधी हे गुमान चालतं, कधी "प्रोफाइल सापडलं नाही" म्हणतं, तसं झालं तर आउटलुकला डिफॉल्ट मेल प्रोग्रॅम करून बघा. तरी नाही झालं तर डोकं लावत बसू नका, खालचा रस्ता घ्या.

फाईल उघडताना एरर आली तर आउटलुकच्याच फोल्डरमधे स्कॅनपीएसटी नावाचं रिपेअर टूल असतं, ते कॉपीवर चालवा. आणि फाईलची साइज बघा, २ जीबीच्या अगदी जवळ येऊन थांबलेली असेल तर ती आउटलुक २००२ किंवा त्याच्या आधीच्या जमान्यातली आहे, त्या प्रकारची मर्यादाच २ जीबी होती आणि तिथे पोचली की फाईल बिघडायची. २००३ पासूनचा प्रकार २० जीबीपर्यंत आणि २०१० पासून ५० जीबीपर्यंत जातो. २ जीबीवर बिघडलेल्या फाईलमधे शेवटचे काही मेल जाऊ शकतात, ते मनाशी धरून चला.

आउटलुक नसेल तर मला सगळ्यात आवडणारा रस्ता लिनक्सचा आहे. घाबरू नका, लिनक्स बसवायची गरज नाही, उबंटू पेनड्राइव्हवर टाकून लाइव्ह चालवता येतं, हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. त्याच्यात पीएसटी युटिल्स नावाचं पॅकेज टाकायचं, त्यातून रीडपीएसटी नावाची कमांड मिळते. फाईल दाखवली की ती पीएसटी फोडून एमबॉक्स बनवून देते, आणि ई चा स्विच लावला तर प्रत्येक मेलची वेगळी ईएमएल, फोल्डरची रचना तशीच ठेवून. मी ईएमएलच काढतो, कारण एखादा मेल खराब असेल तर तो एकटा वेगळा पडतो, अख्खं फोल्डर अडत नाही. कमांड लाइनची सवय नसेल तर जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या कुठल्याही जाणत्या पोराला हे दोन शब्द सांगा, पीएसटी युटिल्स आणि रीडपीएसटी, तो करून देईल, फक्त तुमच्या समोर करायला सांगा, फाईल ठेवून येऊ नका.

एक सांगतो, नेटवर पीएसटी कन्व्हर्टर म्हणून शोधलं की ढीगभर सॉफ्टवेअर निघतं. बऱ्याच जणांचा डेमो प्रत्येक फोल्डरमधले थोडेच मेल काढतो आणि मग पैसे मागतो, तो त्यांचा धंदा आहे, ठीक. पण "फाईल अपलोड करा, ऑनलाइन कन्व्हर्ट करून देतो" म्हणणाऱ्या साइटला तुमच्या पेढीचा दहा वर्षांचा पत्रव्यवहार, बँकेच्या स्टेटमेंटसकट, कधीच देऊ नका.

डीबीएक्स, म्हणजे आउटलुक एक्सप्रेस

यात जुनं मशीन चालू होतं का त्याच्यावर सगळं आहे.

चालू होत असेल तर दोन रस्ते. पहिला अगदी गावठी पण भरोशाचा: आउटलुक एक्सप्रेस उघडा, डेस्कटॉपवर एक रिकामं फोल्डर बनवा, इनबॉक्समधे जाऊन सगळे मेल सिलेक्ट करा आणि माउसने ओढून त्या फोल्डरमधे सोडा. प्रत्येक मेलची ईएमएल बनते. हजारो मेल असतील तर मशीन गुदमरतं, म्हणून तारखेप्रमाणे लावून थोडे थोडे ओढा, वर्षावर्षाचे फोल्डर करा. सेंट आयटम्स विसरू नका, लोक कायम विसरतात आणि नंतर कळतं की समोरच्याने काय लिहिलं ते आहे पण आपण काय कबूल केलं होतं तेच नाही.

दुसरा, त्याच एक्सपीवर थंडरबर्डची जुनी आवृत्ती बसवायची (५२ ही एक्सपीवर चालणारी शेवटची मालिका), जिच्या इम्पोर्टमधे आउटलुक एक्सप्रेस दिसतं ती. एक्सपीच्या ब्राउझरमधे आजकालच्या साइट उघडत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या मशीनवर मोझिलाच्या जुन्या आवृत्त्यांच्या भांडारातून उतरवून पेनड्राइव्हने न्या. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ लाच संपलाय, म्हणून त्या मशीनला नेट लावूच नका, केबल काढून ठेवा. टूल्स, इम्पोर्ट, मेल, आउटलुक एक्सप्रेस. झालं की लोकल फोल्डर्समधे सगळी रचना तशीच दिसेल. मग वर सांगितल्याप्रमाणे प्रोफाइलमधून लोकल फोल्डर्समधल्या फाईली उचलून नव्या लॅपटॉपवर.

मशीन मेलेलं असेल तर हार्ड डिस्क काढा आणि यूएसबी कनेक्टर लावून नव्या लॅपटॉपला जोडा. जुन्या डिस्क रुंद पट्टीवाल्या आयडीई असतात आणि नंतरच्या साटा, दोन्ही चालणारा कनेक्टर मागा. मग डिस्कमधे डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज, त्यात यूजरचं नाव, लोकल सेटिंग्ज (हिडन असतं, म्हणून वर टिक करायला सांगितलं), ॲप्लिकेशन डेटा, आयडेंटिटीज, मग एक कंसातला लांब नंबर, मायक्रोसॉफ्ट, आउटलुक एक्सप्रेस. विंडोज परवानगी नाही म्हणेल, कंटिन्यू दाबा. एवढं शोधायचा कंटाळा असेल तर डिस्कमधे सर्चला डीबीएक्स टाका. सापडलेल्यातली फोल्डर्स नावाची फाईल नुसती यादी असते, मेल इनबॉक्स, सेंट आयटम्स आणि तुमच्या नावाच्या फाईलींत. या फोडायला अनडीबीएक्स नावाचं फुकट ओपन सोर्स टूल आहे, ईएमएल काढून देतं, आणि बिघडलेल्या फाईलसाठी त्यात रिकव्हरीचा पण पर्याय आहे.

ईएमएल आत घ्यायचे

वरच्या बऱ्याच रस्त्यांनी शेवटी ईएमएलचा ढीग हातात येतो, विंडोज लाइव्ह मेलवाल्यांकडे तर आधीपासूनच असतो (ॲप डेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज लाइव्ह मेल). थंडरबर्डमधे "जुने मेल" फोल्डरवर राइट क्लिक, इम्पोर्ट एक्स्पोर्ट टूल्स, डिरेक्टरीतले सगळे मेसेज इम्पोर्ट करा, उपडिरेक्टरींसकट. फोल्डरची झाडासारखी रचना तशीच उतरते. एका वेळेला एक वर्षाचा ढीग द्या, अडकलं तर कुठे अडकलं ते लगेच सापडतं.

अँटिव्हायरसचा घोळ

२००३ ते २००८ मधल्या कुठल्याही इनबॉक्समधे व्हायरसवाले मेल असणारच. २००३ चा सोबिग, २००४ चा मायडूम, हे मेलमधूनच पसरले होते आणि आपल्याकडच्या ऑफिसात ते कोणी डिलीट पण करत नव्हतं. आता एमबॉक्समधे अख्खं फोल्डर एकच फाईल असते. अँटिव्हायरसला त्यात एक जुना व्हायरस दिसला की तो पूर्ण फाईल उचलून क्वारंटाइनमधे (स्वतःच्या बंद कोठडीत) टाकतो, म्हणजे एका मेलपायी तुमचा सगळा इनबॉक्स गायब. अशी वेळ आली तर क्वारंटाइनमधून रिस्टोअर होतं, पण आधीच काळजी घ्या: कपाटातली कॉपी आहेच, शिवाय थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर अँटिव्हायरसच्या एक्स्क्लूजनमधे (तपासायचं नाही त्या यादीत) टाका. मेलमधली अटॅचमेंट सेव्ह करून उघडाल तेव्हा ती स्कॅन होईलच, त्यामुळे अँटिव्हायरस पूर्ण बंद करायची काही गरज नाही. जुन्या मेलमधली ईएक्सई, पीआयएफ, एससीआर असलेली अटॅचमेंट मात्र कितीही ओळखीच्या माणसाची असली तरी उघडू नका.

मराठी मेल वाचताच येत नाहीत

हा आपला खास त्रास, इंग्रजी गाइडमधे कोणी सांगत नाही. दोन प्रकार असतात, आधी तुमचा कोणता ते बघा.

अक्षरांच्या जागी इंग्रजी ए वर रेघ, मधे मधे रुपयापौंडासारखी चिन्हं असा कचरा दिसत असेल तर मेल युनिकोडमधेच (आजकाल सगळीकडे चालणारी मराठी अक्षरं) आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला जातोय. मेल उघडून व्ह्यूमधे रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग दाबा, बहुतेक वेळा मराठी लगेच उमटते.

पण साध्या इंग्रजी अक्षरांचे काहीच्या काही शब्द दिसत असतील तर तो मेल श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव असल्या फॉन्टमधे टाइप केलेला आहे. त्या फॉन्टमधे खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो, फॉन्ट गेला की मराठी गेली. इथे एन्कोडिंग बदलून काही होत नाही. ज्या फॉन्टमधे लिहिलं तो विंडोजमधे टाका, मेल एचटीएमएल असेल आणि आत फॉन्टचं नाव असेल तर थंडरबर्डमधे आपोआप दिसेल. साधा टेक्स्ट मेल असेल तर मजकूर कॉपी करून लिबरऑफिसमधे घ्या आणि फॉन्ट लावून बघा, एक नाही चालला तर दुसरा. महत्त्वाचे मेल युनिकोडमधे कन्व्हर्ट करून त्यांची वेगळी फाईल ठेवा, पण मूळ मेल तसाच राहू द्या. आणि असे मेल सर्चमधे मराठी शब्द टाकून सापडणार नाहीत, पाठवणाऱ्याच्या नावाने नाहीतर तारखेनेच शोधायचे.

जुन्या आउटलुकवाल्यांनी पाठवलेल्या मेलला विनमेल डॅट नावाची अटॅचमेंट दिसते आणि खरी फाईल दिसतच नाही, ती खरी त्याच्या आत असते. त्यासाठी लुकआउट नावाचं ॲड-ऑन आहे, नाहीतर ती फाईल सेव्ह करून विनमेल उघडणाऱ्या एखाद्या टूलमधे टाका.

मोजा

हा भाग कोणी करत नाही आणि माझ्या मते हाच खरा. जुन्या प्रोग्रॅममधे फोल्डरवर क्लिक केलं की खालच्या पट्टीत मेलची संख्या दिसते, ती फोल्डरप्रमाणे कागदावर लिहा. थंडरबर्डमधे फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे पण संख्या असते. दोन्ही जुळल्या पाहिजेत. ईएमएलचे तर एक्सप्लोररमधेच मोजता येतात. पाच-दहाचा फरक असेल तर सहसा बिघडलेले मेल असतात, शेकड्यात फरक असेल तर एखादं उपफोल्डर राहिलंय.

नुसती संख्या जुळून भागत नाही. प्रत्येक वर्षातले चार मेल उघडा, त्यातला एक मोठ्या अटॅचमेंटवाला, आणि अटॅचमेंट उघडते का बघा.

दोंडाईच्याच्या एका नानांचा इम्पोर्ट झाल्यावर फोन, "मना मेल कथा ग्यात रे भो, २००६ ना एक बी नही दखात!" म्हटलं नाना, वर तारखेच्या कॉलमवर क्लिक करा. सगळे होते, फक्त ऑर्डर रिसीव्ह्डने लावलेले होते, म्हणजे ज्या क्रमाने आत आले त्या क्रमाने, त्यामुळे २००६ चे कुठेतरी मधे दडलेले. इम्पोर्टनंतर कायम डेटने लावा.

सर्च पण लगेच चालत नाही, थंडरबर्ड मागे इंडेक्स बनवत असतो, टूल्समधे ॲक्टिव्हिटी मॅनेजरमधे त्याचं कुठपर्यंत आलं ते दिसतं. रात्रभर चालू ठेवा.

आवरायचं कसं

डबल झालेल्या मेलसाठी रिमूव्ह ड्युप्लिकेट मेसेजेस नावाचं ॲड-ऑन आहे, मोजून झाल्यावरच चालवा नाहीतर संख्या कधीच जुळणार नाही. डिलीट केलेले मेल एमबॉक्समधून लगेच जात नाहीत, फोल्डरवर राइट क्लिक करून कॉम्पॅक्ट केलं की जागा मोकळी होते. एका फोल्डरची फाईल ४ जीबीच्या आत ठेवलेली बरी, नाहीतर सगळंच हळू.

वर्षाप्रमाणे लावायचे असतील तर मेल सिलेक्ट करून नुसतं ए दाबलं की थंडरबर्ड आर्काइव्हमधे वर्षाचे फोल्डर करून टाकतो. पण आधी अकाउंट सेटिंग्जमधे कॉपीज अँड फोल्डर्समधे जाऊन आर्काइव्ह लोकल फोल्डर्सवर ठेवायचं सांगा. ते आयमॅपच्या (मेल सर्व्हरवरच ठेवायची पद्धत) अकाउंटवर असेल तर तुमचे वीस वर्षांचे मेल सर्व्हरवर चढायला लागतात, आणि जीमेल तर आयमॅपने दिवसाला ५०० एमबीच चढवू देतं, मग मधेच लटकलं की अर्धे इकडे अर्धे तिकडे.

आता चालू अकाउंट जोडा. जीमेल आयमॅपने जोडलं की ऑल मेल आणि इनबॉक्स दोन्हीत तेच मेल दिसतात, नको असेल तर जीमेलच्या सेटिंग्जमधे लेबल्समधे ऑल मेलची शो इन आयमॅप टिक काढा. पॉप (मेल सर्व्हरवरून मशीनवर उतरवायची पद्धत) वापरत असाल तर सर्व्हर सेटिंग्जमधे लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर ही टिक नीट बघा, ती नसेल तर मेल लॅपटॉपवर उतरून सर्व्हरवरून जातात, मोबाइलवर मग काही दिसत नाही.

पत्ते राहिले. आउटलुक एक्सप्रेसमधून ॲड्रेस बुक सीएसव्हीत (कॉलम असलेली साधी टेक्स्ट फाईल) एक्स्पोर्ट करा आणि थंडरबर्डच्या टूल्समधे इम्पोर्टमधून ॲड्रेस बुक निवडून आत घ्या, कुठला कॉलम नाव आणि कुठला मेल ते विचारतो, तेवढं जुळवून द्यायचं.

बॅकअपला टूल्समधे एक्स्पोर्ट आहे पण तो २ जीबीपर्यंतच्या प्रोफाइललाच चालतो, तुमचं आता त्याच्या कितीतरी वर गेलेलं असणार. त्यामुळे थंडरबर्ड बंद करून अख्खं प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, महिन्यातून एकदा पुरे. प्रोफाइल वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमधे नेऊन ठेवू नका, थंडरबर्ड लिहीत असताना ते सिंक करायला जातात आणि फाईल बिघडते. आणि तो टेबलाखालचा सीपीयू भंगारात द्यायचा असेल तर आधी हार्ड डिस्क काढून घ्या.